लेकीच्या गावचं पाणी

फ्रान्सहून परत आल्यापासून आमच्या टेक्सासच्या शुगर लँडमधल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारलाय: आयफेल टॉवर कसा वाटला? पाहिलाच नाही. पॅरिसला आम्ही फक्त विमान बदललं आणि तिथल्या बाथरूमची रांग पाहिली. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, हे सांगितलं तर समोरच्या काकूंच्या हातातला पुलाव तसाच राहिला. "मग गेलात कशाला?" म्हणाल्या. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे प्रत्येक पॉटलकला पुन्हा सांगायला नको.

आम्ही गेलो होतो दक्षिण फ्रान्समध्ये, नीम शहराजवळच्या एका खेड्यात. खेड्याचं नाव सांगत नाही, कारण मला ते अजून नीट म्हणता येत नाही आणि ते लोक फार हसतात. तिथे आमची मुलगी केतकी राहते आणि नवऱ्याबरोबर एक छोटं हॉटेल चालवते. हॉटेल म्हणजे आपल्या अर्थाने, जेवायचं.

शुगर लँड, निघण्याआधी

आधी माणसं सांगते. मी मूळची नागपूरची, भूल देणारी डॉक्टर. आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि, महत्त्वाचं म्हणजे, उठवलंही. आता रिटायर झालेय. नवरा श्रीकांत वाईचा, ह्यूस्टनला पाइपलाइन इंजिनिअर होता. जमिनीखालच्या नळात कुठे काय गळतंय हे तो ऑफिसात बसून सांगायचा. घरात त्याला फ्रिजमधलं दही सापडत नाही. केतकी एकुलती एक. सांता क्लाराला चांगली सॉफ्टवेअरची नोकरी करत होती. सुट्टीला म्हणून फ्रान्सला गेली, तिथे तिला माथ्यू नावाचा स्वयंपाकी भेटला आणि ती सुट्टी अजून चालू आहे.

लग्न त्यांनी गावच्या नगरपालिकेत केलं आणि मग आम्हाला व्हिडिओ कॉल केला. हिच्या केसांत फुलांच्या पाकळ्या, मागे टाळ्या वाजवणारी अनोळखी माणसं. मी आधी रडले, मग हसले, मग साडी का नाही नेसलीस म्हणून तिच्यावर ओरडले. श्रीकांत नुसता "बरं" म्हणाला आणि भर दुपारी लॉन कापायला गेला. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये दुपारी लॉन कापणारा माणूस एक तर पगारी असतो, नाहीतर दुखावलेला. त्या दिवसापासून फोनवर तो लेकीशी दोनच वाक्यं बोलायचा. "हवा कशी आहे?" आणि "आईला देतो."

त्याच्या कपाटात एक जांभळं रेशमी सोवळं आहे. पुण्याच्या एका ट्रिपमध्ये त्याने ते गुपचूप घेतलं होतं, केतकीच्या कन्यादानाला नेसायला म्हणून. अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

यंदा मी त्याला न विचारता तिकिटं काढली. वाटलं भडकेल. तर जेवताना शांतपणे म्हणाला, "येतो मी. पण तिच्या घरी पाणीसुद्धा पिणार नाही."

"का?"

"आपल्यात पद्धत आहे. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आमचे आजोबा आत्याकडे गेले की शेजारच्यांकडे जाऊन पाणी प्यायचे."

मी हातातली पोळी खाली ठेवली. एकादशी महिन्यातून किती वेळा येते हे ज्याला सांगता येणार नाही, ज्याने परवाच्या चतुर्थीला शेजाऱ्याच्या बार्बेक्यूत तिसऱ्यांदा ब्रिस्केटचं मांस वाढून घेतलं, त्या माणसाला अचानक पद्धत आठवली होती. रागावलोय असं म्हणायची लाज वाटते, म्हणून आजोबांना पुढे केलं, एवढं न कळायला मी काही कालची बायको नाही.

"मग मलाही लागू आहे का ते?"

"तू तुझं बघ."

"आणि केतकीला काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. ॲसिडिटी आहे म्हण. तू डॉक्टर आहेस."

अशा रीतीने मला कटात सामील करून घेण्यात आलं. मी मनात ठरवलं की आपण दोघांच्या वाटचं जेवायचं.

गावात

गाव म्हणजे दगडी घरं, मधोमध एक चौक, चौकात कारंजं आणि त्यावर सावली धरणारी मोठाली झाडं. चौकाच्या एका बाजूला केतकीचं हॉटेल, वर त्यांचं राहतं घर. समोरच्या गल्लीत भाड्याची गाडी घालताना श्रीकांतने तिचा आरसा एका भिंतीला अर्पण केला. भिंतीला काही झालं नाही, ती फार जुनी होती.

ऊन रणरणत होतं. सकाळी अकरा वाजले की अख्खं गाव खिडक्यांची लाकडी दारं लावून आत गुडुप. श्रीकांत म्हणाला, "यांच्याकडे एसी नाही? कसे राहतात?" मी नागपूरची. दुपारी घर बंद करून अंधारात पडायचं, संध्याकाळी दारं उघडून अंगणात पाणी मारायचं, हे मला कुणी शिकवायला नको. उलट इतक्या वर्षांनी माहेरी आल्यासारखं वाटलं. टेक्सासमध्ये आपण उन्हाशी भांडतो आणि विजेचं बिल भरतो.

केतकी धावत आली, गळ्यात पडली. बारीक झाली होती, काळी झाली होती आणि कमालीची छान दिसत होती. माथ्यू उंच, लाजरा, हातावर भाजल्याचे डाग. त्याने माझ्या गालाला तीनदा गाल लावला, कारण त्या भागात तीनदा लावतात. श्रीकांतने लांबूनच हात पुढे केला. तो हात इतका ताठ होता की माथ्यू बिचारा जागच्या जागी थांबला. मग केतकीने शिकवलं असेल तसं म्हणाला, "बाबा, नमस्ते." श्रीकांतने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला हाक मारतोय की काय म्हणून.

पहिल्या संध्याकाळी वरच्या घरातून खाली हॉटेलात आलो तर खिडकीजवळच्या टेबलावर पुठ्ठ्याचं एक कार्ड उभं केलेलं. त्यावर मराठीत लिहिलं होतं, "आई बाबा". रविवारच्या मराठी शाळेनंतर तिने देवनागरीत काही लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. अक्षरं डुगडुगत होती.

"मला जरा ॲसिडिटी आहे," श्रीकांत कार्डाकडे न बघता म्हणाला. "मी वर पडतो."

वर झोपायला हरकत नव्हती, कारण झोपण्याबद्दल आजोबा काही बोलून गेले नव्हते. सुटकेसमधला चिवडा आणि विमानतळावरच्या बाटलीतलं पाणी घेऊन तो अंधारात बसला. मी खाली बसून शपथेप्रमाणे दोघांचं जेवले. भोपळ्याच्या जातीतल्या कुठल्याशा भाजीची फुलं, आत सारण भरून तळलेली. मग मंद आचेवर दिवसभर शिजलेलं मटण. ते संपतंय तोवर चीजचा पाट आला, पाटावर अनेक प्रकारची चीजं, त्यातल्या एकाला असा वास, जो मी आयुष्यात फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये एकदोनदा घेतलाय. मी ते आधी खाल्लं. उत्तम होतं. पाव ठेवायला बशी नसते, तो सरळ टेबलक्लॉथवर ठेवायचा, आणि सगळे जण प्लेट पुसून घेतात त्या पावाने. आपण पोळीने ताट पुसलं की आई म्हणायची, हावरटासारखं काय करतेस. इथे तो शिष्टाचार आहे.

केतकी वाढत होती, हसत होती, टेबलाटेबलांवर फ्रेंचमध्ये चिवचिवत होती. पण आमच्या टेबलापाशी आली की तिचे डोळे जिन्याकडे जायचे. "आई, बाबाला थोडं सूप नेऊ का वर?"

"नको गं, पोटाला आराम दे."

खोटं बोलायची मला सवय आहे. "काही दुखणार नाही" हे वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलंय. पण ते असं लागलं नव्हतं कधी.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांनी पळवाट शोधली. सकाळी केतकीला म्हणाला, "मी गिऱ्हाईक म्हणून बसतो. मेनू दे, बिल दे."

"बाबा, तुला बिल? आर यू क्रेझी?" ती हसत सुटली. "माझ्या बाबाला मी बिल देणार?"

झालं, पळवाट बंद. ॲसिडिटी परत सुरू झाली. संध्याकाळी ते कार्ड पुन्हा टेबलावर उभं होतं, आणि त्याच्या पुढच्या संध्याकाळीही.

पाण्याचा प्रश्न त्याने आजोबांच्याच पद्धतीने सोडवला. गल्लीच्या पलीकडे ओडील नावाची म्हातारी राहते, वय ऐंशीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, इंग्रजीचा एक शब्द येत नाही. श्रीकांत रोज सकाळी तिच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि पाणी पिण्याची खूण करायचा. ती त्याला आत बसवायची, पाणी द्यायची, कॉफी द्यायची, वर पुदिन्याचं हिरवंगार सरबत पाजायची. हा परत येताना जीभ हिरवी. दोन दिवसांत ओठांना लाली लावायला लागली ओडील. पावाच्या दुकानातली बाई माझ्याकडे सहानुभूतीने बघायला लागली आणि तिने मला एक क्रोसाँ जास्तीचा दिला.

शनिवार, उझेसचा बाजार

शनिवारी आम्ही दोघं जवळच्या उझेस गावी बाजाराला गेलो. आठवडी बाजार आपल्यासारखाच: गर्दी, ओरडा, पिशव्या. फरक एवढाच की टोमॅटो दाबून बघायचा नाही. मी एक दाबला तर विक्रेत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मुलीचा गाल ओढलाय. ऑलिव्हचे ढीग, लसणाच्या वेण्या, वांगी, जर्दाळू, मध. श्रीकांत चवी बघत फिरला. फुकटच्या चवीला आजोबांची ना नव्हती.

जेवायचं मात्र राहिलं. आम्ही टेक्सासचे, आमच्याकडे भूक लागली की जेवण मिळतं. इथे जेवणाची वेळ झाली की भूक लागावी लागते. अडीच वाजता एका हॉटेलात शिरलो तर वेटर म्हणाला, स्वयंपाकघर बंद. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात लोक आत बसून निवांत कॉफी पीत होते, त्यांनी आमच्याकडे उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांकडे बघावं तसं पाहिलं. शेवटी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, तापलेल्या गाडीत बसून चिप्स खाल्ल्या. डिकीतल्या पाण्याच्या बाटल्या एवढ्या गरम झाल्या होत्या की त्यात चहापत्ती टाकली असती तर चहा झाला असता.

"तुझ्या मुलीचं हॉटेल आहे," मी म्हटलं. "आणि तू इथे पार्किंगमध्ये बटाट्याचे काप खातोयस."

"मीठ बरं आहे याला," तो म्हणाला.

मी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. सावकाश खाली बसली. पाणी कमी पडत होतं अंगात. डॉक्टर म्हणून मला काळजी वाटली, आणि बायको म्हणून दोन लगावाव्याशा वाटल्या.

सोमवार, नदीवर

सोमवारी त्यांचं हॉटेल बंद असतं. माथ्यूने नदीची सहल ठरवली. गार्दाँ नदीवर रोमन लोकांनी बांधलेला कमानींचा प्रचंड पूल आहे, तीन मजली, पाँ द्यु गार म्हणतात त्याला. तो माणसांसाठी नव्हता, पाण्यासाठी होता. वरच्या मजल्यावरून पाट जायचा, उझेसच्या झऱ्यापासून थेट नीमपर्यंत. श्रीकांतचे डोळे लकाकले. त्या दिवशी पहिल्यांदा तो माथ्यूशी आपणहून बोलला. उतार किती नगण्य ठेवलाय, पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उताराने पाणी डोंगरदऱ्यांतून कसं नेलंय, हे तो हातवारे करून सांगत होता. माथ्यू मान डोलवत होता. रोमनांनी एवढ्या लांबून पाणी आणलं आणि आमचे हे जावयाच्या नळाचं पाणी पीत नव्हते.

मग कायाक, म्हणजे दोघांच्या वल्ह्याच्या होड्या. केतकी आणि मी एकीत, सासरा-जावई दुसरीत. पुलाखालून जाताना श्रीकांत कमान मोजायला उभा राहिला. कायाकमध्ये उभं राहायचं नसतं. दोघंही पाण्यात. टोपी, चष्मा आणि बाजारातून विकत आणलेली पाण्याची बाटली नीमच्या दिशेने रवाना झाली, रोमनांना अभिप्रेत होतं तशी. माथ्यूने पोहत जाऊन चष्मा आणला, टोपी आणली. बाटली गेली ती गेली.

काठावर केतकीने टोपली उघडली. पाव, भोपळी मिरचीची भाजून केलेली कोशिंबीर, ऑलिव्हचा ठेचा, उकडलेली अंडी, चीज, पीच. श्रीकांतने गरीब चेहऱ्याने पोट चोळलं आणि वाटेत स्वतः घेतलेले दोन जर्दाळू खाल्ले. लाल झालेला, घशाला कोरड, समोर गार पाण्याची सुरई. पाहवेना.

माथ्यूने जरा वेळाने मला बाजूला बोलावलं. त्याचं इंग्रजी जपून जपून येतं. म्हणाला, "बाबांना माझं जेवण आवडत नाही का? केतकी रात्री रडली. ती म्हणते पोट बिघडलंय. पण मी स्वयंपाकी आहे. पोट बिघडलेला माणूस आणि न जेवणारा माणूस, दोन्ही मला ओळखता येतात."

मला त्या क्षणी खरंच फार वाईट वाटलं, आणि नवऱ्याचा संताप आला. "तुझा काही दोष नाही," एवढंच म्हणता आलं. परत येताना भाड्याच्या गाडीत आम्ही दोघंच होतो, मी चालवत होते. तेव्हा श्रीकांतला सांगितलं की पोरगी रडतेय. तो खिडकीबाहेर द्राक्षाचे मळे बघत बसला. आता मागे कसं फिरायचं हे त्याला सुचत नव्हतं, मला दिसत होतं. आजोबांना आणलं होतं पुढे, त्यांना परत पाठवणार कसं?

शुक्रवार, चौकातली पंगत

त्या आठवड्यात गावची जत्रा होती. जत्रेत शुक्रवारी दुपारी अख्खं गाव चौकात एकत्र जेवतं. गावची समिती स्वयंपाक करते आणि बाकीच्यांनी आपापली प्लेट, ग्लास, काटे-चमचे घेऊन यायचं. त्या दिवशी पदार्थ एकच: आयोली. म्हणजे लसूण. उखळात लसूण कुटायचा आणि त्यात ऑलिव्ह तेलाची धार सोडत घोटायचा, लोण्यासारखा होईपर्यंत. त्याच्याबरोबर उकडलेले बटाटे, गाजरं, घेवडा, अंडी, मासा. आमच्या नागपूरला लसणाच्या चटणीचा माज असतो, तो तिथे मी गुंडाळून ठेवला.

सकाळी झाडाखाली लसूण सोलायला माणसं बसली. श्रीकांतही जाऊन बसला. समितीचं अन्न, जागा सार्वजनिक, कूपन स्वतःच्या पैशाचं. आजोबांना आक्षेपाला जागा नव्हती. किती दिवसांनी पोटभर जेवायला मिळणार म्हणून हा नवरदेवासारखा खुश. फक्त प्लेट हवी होती. केतकीच्या स्वयंपाकघरातली प्लेट चालेल की नाही याची खात्री नसल्यामुळे तो ओडीलकडे गेला आणि तिच्याकडून निळ्या फुलांची प्लेट आणि ग्लास मागून आणला. आणि तिथेच फसला.

लांबच लांब टेबलं लागली होती. श्रीकांतच्या एका बाजूला मी, समोर ओडील. पाण्याच्या सुरया केतकीच्या हॉटेलातून भरून येत होत्या, कारण चौकात तेच जवळ. फ्रान्समध्ये पाण्याला पैसे पडत नाहीत, सुरई मागितली की मिळते. श्रीकांत लसूण खात होता, घामाने निथळत होता आणि सुरईकडे ढुंकून बघत नव्हता. केतकी हातात भरलेली सुरई घेऊन आमच्यापाशी आली.

ओडीलने वाइनचा घोट घेतला आणि केतकीला मोठ्याने काहीतरी विचारलं. आजूबाजूचे दहा-बारा जण हसले. केतकीही हसत हसत भाषांतर करायला लागली, तिला सवयच झालीय त्याची. "बाबा, ओडील विचारतेय, तू रोज सकाळी तिच्याकडे पाणी प्यायला का जातोस? आज तर प्लेटपण नेलीस. आमच्या घरी काय..."

पुढचं वाक्य तिने केलंच नाही. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मग हळूहळू उतरलं.

"ओडीलकडे कॉफी पितोस तू? ॲसिडिटीला ते चालतं?"

श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी भूल दिली, पण त्या दिवशी माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

"ॲसिडिटी नाहीये त्याला," मी म्हटलं. "मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. पद्धत आहे जुनी. ती पाळतोय तुझा बाबा."

"व्हॉट पद्धत?" तिचा आवाज चिरका झाला. "एवढे दिवस मी रोज ते कार्ड ठेवतेय, आई. मला वाटलं माथ्यूचं जेवण... मला वाटलं तो आजारी आहे, आणि तुम्ही दोघं मला सांगत नाही आहात."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टेबलाभोवतीचे लोक काटे खाली ठेवून बघत होते. भाषा कळत नसली तरी बापलेकीचं भांडण कुणालाही कळतं. माथ्यू येऊन तिच्या मागे उभा राहिला.

केतकीने डोळे पुसले. सॉफ्टवेअरवाली आहे, चिडली की आधी कारण विचारते. "पण हा रूल कशासाठी आहे? व्हाय?"

श्रीकांतनेच उत्तर दिलं, प्लेटमधल्या गाजराकडे बघत. "मुलगी एकदा दिली की दिली. जिथे दिली, त्या घरातून काही परत घ्यायचं नसतं."

मुलगी म्हणजे काय साडीचा पीस आहे का द्यायला, हे माझं मत मी गिळलं. वेळ बरी नव्हती.

"पण तू दिलं कुठे?" केतकी म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"कन्यादान झालंच नाही ना आपल्याकडे. त्याचाच तर तुला राग आहे, बाबा, आय नो. ते सोवळं मी पाहिलंय तुझ्या कपाटात. तेव्हा मला वाटलं होतं, सांगू, विचारू, आणि मग नाही धाडस झालं. आय ॲम सॉरी." तिने सुरई दोन्ही हातांनी धरली होती. "पण मग तू मला कुणाला दिलंच नाहीस. मग मी अजून तुझीच आहे ना? मग हे पाणी तुझ्याच घरचं आहे."

श्रीकांत विचार करत राहिला. गळती शोधायची त्याची जन्माची सवय. तिच्या बोलण्याच्या नळावरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडून आला असणार, मला त्याच्या कपाळावरून कळत होतं. कुठेच गळत नव्हतं. त्याचा चेहरा असा काही झाला की मी पटकन दुसरीकडे पाहिलं.

मग त्याने ओडीलचा ग्लास पुढे सरकवला. "ओत," म्हणाला.

तिने घाईने ओतलं, अर्धं पाणी टेबलक्लॉथवर सांडलं. उरलेलं तो एका दमात प्यायला. तोंड पुसलं. "बर्फ नाही का?"

"बाबा, फ्रान्स आहे हे. बर्फ नसतो."

"बरं," तो म्हणाला आणि ग्लास पुन्हा पुढे धरला. हे "बरं" लॉन कापायला जातानाच्या "बरं"पेक्षा वेगळं होतं.

ओडीलला माथ्यूने कानात सगळं समजावलं. ती बराच वेळ ऐकत होती, आणि मग तिने श्रीकांतच्या हातातून काटा काढून घेऊन त्याच्या बोटांवर चापटी मारली. त्याचं भाषांतर कुणी केलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही कार्ड ठेवलेल्या टेबलावर बसलो. श्रीकांतने फुलं खाल्ली, मटण खाल्लं, ते वासाचं चीजसुद्धा खाल्लं, पावाने प्लेट लख्ख पुसली. माथ्यू बाजूला हात बांधून उभा, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा. श्रीकांत त्याला म्हणाला, "मीठ किंचित कमी आहे." माथ्यूचा चेहरा पडला. केतकीने त्याला मिठी मारली आणि समजावलं की आमच्यात मिठावरून नावं ठेवतात ती फक्त घरच्या माणसाच्या स्वयंपाकाला. परक्याला आम्ही छान छान म्हणून सोडून देतो.

मार्सेचा विमानतळ

निघताना केतकीने मसाल्याची पाकिटं, मध, ऑलिव्ह तेल असं बरंच भरलं, आपल्याकडे भरतात तसं. श्रीकांतने स्वतः फक्त एक गोष्ट घेतली. रिकामी बाटली शोधून त्याने ती हॉटेलच्या नळाखाली काठोकाठ भरली.

सिक्युरिटीला पोचलो तर तिथल्या मुलीने बाटली उचलून हलवली, आणि शेजारच्या पिंपाकडे बोट दाखवलं. पाणी आत नेता येत नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आयुष्यात शेकडो विमानप्रवास केलेत त्याने.

"टाक ना," मी म्हटलं. "आत विकत मिळतं."

"टाकतोय काय," तो म्हणाला. बाजूला झाला, झाकण काढलं आणि त्या पिंपाशेजारी उभा राहून प्यायला लागला. मागे रांग लांबत होती. एक माणूस घड्याळ बघायला लागला. सिक्युरिटीची मुलगी आधी वैतागली, मग हाताची घडी घालून बघत राहिली. दीड लिटर पाणी होतं. मधे एकदा थांबला, दम घेतला, पुन्हा लावलं तोंडाला. शेवटचा थेंब संपेपर्यंत त्याने बाटली खाली घेतली नाही.

विमानात खिडकीची सीट त्याची होती आणि मधली माझी. अटलांटिक ओलांडेपर्यंत त्याने मला इतक्या वेळा उठवलं की मी मोजणं सोडून दिलं. पण कुरकुर नाही केली.